शब्दकोशाचे सामुदायिक संपादन : इतिहास आणि अभ्यास

‘कोश’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ साठवणीची जागा, पेटी, खजिना असा आहे. खजिना म्हटला की त्याच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला, हा प्रश्न ओघानेच येतो. शब्दांच्या खजिन्याविषयी मात्र हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. कोश रचणे हे विद्वानांचे काम. सामान्य वाचकाने तो अडल्यानडल्या वेळी उघडावा, अर्थ पाहावा आणि मुकाट्याने मिटून ठेवावा, अशीच आपली समजूत होती. गेल्या वीस-बावीस वर्षांत ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. संगणकाच्या महाजालावर असे कोश उभे राहिले आहेत की ज्यांच्या प्रत्येक नोंदीशेजारी ‘संपादन’ हा शब्द असतो. आणि ज्याला लिहिता-वाचता येते अशा कोणासही त्या शब्दावर बोट ठेवून नोंद सुधारण्याची, वाढविण्याची किंवा नवी घालण्याची मोकळीक असते.

हा प्रकार पाहून आमच्या शिक्षकबंधूंपैकी काहींना आनंद होतो, तर काहींना धास्ती वाटते. दोन्ही भावना साहजिक आहेत. परंतु आनंद किंवा धास्ती बाळगण्यापूर्वी दोन गोष्टी पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. पहिली, कोशरचनेत अनेकांचा हात असणे ही गोष्ट खरोखर नवी आहे काय? दुसरी, अशा कोशात नोंद करावयास शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे? प्रस्तुत लेखात ह्या दोन प्रश्नांचा विचार करून, महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या जुन्या मराठी वसाहतींना त्यापासून काय बोध घेता येईल, ते सांगण्याचा विचार आहे.

१. आज्ञेने झालेले कोश

मराठी मुलखातील कोशरचनेचा इतिहास सांगताना प्रथम आठवतो तो ‘राजव्यवहारकोश’. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते ह्यांच्या देखरेखीखाली तो सिद्ध झाला. दरबारी व्यवहारात रूढ झालेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू होता. त्या काळच्या दृष्टीप्रमाणे डबीराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनोबताचा सेनापती झाला. अशा कोशाला आम्ही आज्ञाकोश म्हणू. लोक काय बोलतात हे तो नोंदवीत नाही. लोकांनी काय बोलावे हे सांगतो.

आज्ञाकोशाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याची मर्यादाही इतिहासानेच दाखविली आहे. राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्याला मुख्य प्रधान हे नाव मिळाले. पण पुढे अठराव्या शतकात ज्यांच्या हाती मराठी राज्याचा कारभार आला, त्यांना सर्व जगाने पेशवे असेच म्हटले. फडणीस फडणीसच राहिले. राजाज्ञेला जे साधले नाही ते लोकांच्या जिभेने ठरविले.

आमच्या बडोद्यातही असा एक मोठा आज्ञाकोश झाला. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ साली प्रसिद्ध झालेला ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा तो होय. कायदा व राज्यकारभार ह्यांतील इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे सात भाषांचे प्रतिशब्द त्यात मांडले आहेत. एकाच संस्थानात आठ भाषांना एका ओळीत बसविणारा हा ग्रंथ आजही हाती घेतला म्हणजे कौतुक वाटते. पण त्यातील कोणता शब्द पुढे कचेरीत टिकला आणि कोणता छापील पानातच राहिला, हे तो कोश सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी दुसऱ्या जातीचा कोश लागतो.

२. मोल्सवर्थ आणि शास्त्रीमंडळी

ती दुसरी जात म्हणजे साक्षीचा कोश. शब्द कोणी, कोठे, कोणत्या अर्थाने योजला, हे पाहून मग तो नोंदवावयाचा, ही त्याची रीत. मराठीत ह्या रीतीचा भक्कम पाया घातला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. विल्यम केरी ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१० साली श्रीरामपूर येथे छापला गेला. त्याच्या मागे वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. १८२९ साली मुंबईत ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला. हा मराठी शब्दांचा मराठीतच अर्थ देणारा असून जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी मंडळींनी तो मिळून रचला. म्हणजे आधुनिक काळातील मराठीचा पहिला मराठी कोशच मुळी मंडळाने केलेला आहे, एकट्याने नव्हे.

१८३१ साली जेम्स मोल्सवर्थ ह्यांचा सुप्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश सरकारसाठी छापला गेला. मुखपृष्ठावर मोल्सवर्थ ह्यांचे आणि साहाय्यक म्हणून थॉमस व जॉर्ज कँडी ह्या जुळ्या बंधूंचे नाव आहे. ज्यांच्या तोंडून आणि ज्यांच्या पारखण्यातून ते हजारो शब्द आले त्या शास्त्र्यांची नावे मुखपृष्ठावर नाहीत. आम्ही हे दोषारोप म्हणून लिहीत नाही. त्या काळची ग्रंथप्रकाशनाची रीतच तशी होती. पण ‘मोल्सवर्थ म्हणतो’ असे आपण जेव्हा वर्गात सांगतो, तेव्हा त्या एका नावाच्या आड किती जणांचा आवाज आहे, हे ध्यानात ठेवणे न्यायाचे होईल.

ह्या कोशाची दुसरी, सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. दोन आवृत्त्यांमध्ये सव्वीस वर्षांचे अंतर पडले. पहिल्या आवृत्तीत एखादा शब्द राहून गेला किंवा अर्थ अपुरा पडला, तर तो पुरा होण्यास तितकी वर्षे वाट पाहावी लागली. विसाव्या शतकात य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ ह्या काळात सात विभागांत पुरा केला आणि त्याची पुरवणी १९५० साली काढली. तेथेही तोच न्याय : छापून गेल्यावर सुधारणा करावयाची तर पुरवणीची वाट पाहणे आले.

३. मिल हिलचा शाळामास्तर

ज्या १८५७ साली मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती निघाली, त्याच सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच ह्यांनी इंग्रजी कोशांतील उणिवांवर दोन निबंध वाचले. कोशकाराने शब्दांचा न्यायाधीश होऊ नये, इतिहासकार व्हावे. चांगला शब्द तेवढा ठेवून वाईट टाकण्याचा अधिकार त्याला नाही, असा त्यांचा आग्रह होता. असा कोश करावयाचा तर इंग्रजीतले सारे ग्रंथ वाचले पाहिजेत आणि ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे. म्हणून अनेक वाचकांनी मिळून ते करावे, अशी कल्पना पुढे आली. आज ‘ऑक्सफर्ड इंग्रजी कोश’ म्हणून जो ओळखला जातो, त्याचा हा उगम होय.

पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ साली तरुणपणीच वारले. पुढे काम रेंगाळले. १८७९ साली ते जेम्स मरे ह्यांच्या हाती आले. वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे की मरे हे त्या वेळी कोणत्याही विद्यापीठात अध्यापक नव्हते. मिल हिल येथील शाळेत ते शिक्षक होते. शाळेच्या आवारात त्यांनी पत्र्याची एक खोली उभारली, तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असे भारदस्त नाव दिले आणि तेथे चिठ्ठ्यांचे खण लावले. त्याच वर्षी त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या व वाचणाऱ्या सर्व जनतेला उद्देशून एक आवाहन छापले. एक हजार वाचक हवेत, अशी त्यांची मागणी होती. प्रत्येकाने ग्रंथ वाचावा, लक्षात भरलेला शब्द चिठ्ठीच्या माथ्यावर लिहावा, त्याखाली ग्रंथाचे नाव, साल, पृष्ठ आणि तो शब्द ज्यात आला ते वाक्य उतरून पाठवावे, इतकेच काम.

ह्या वाचकांत धर्मोपदेशक होते, शिक्षक होते, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया होत्या. वेडाच्या भरात एका माणसाचा प्राण घेतल्यामुळे ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या तुरुंगात आयुष्य काढणारे विल्यम मायनर हे अमेरिकन लष्करी डॉक्टरही होते. आणि त्यांच्या चिठ्ठ्या अतिशय नेमक्या असत. पाठविणारा कोण आहे ह्याची विचारपूस नव्हती. त्याने पाठविलेली साक्ष खरी आहे की नाही, एवढेच पाहिले जाई. पहिला भाग १८८४ साली निघाला आणि तो ‘ए’ पासून ‘अँट’ ह्या शब्दापर्यंतच पोहोचला होता. १९१५ साली मरे वारले. कोश पुरा झाला तो १९२८ साली. त्यात ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे भरली.

ह्या कामातला एक अनुभव आम्हांस फार बोधप्रद वाटतो. मरे ह्यांनी जुन्या चिठ्ठ्या तपासल्या तेव्हा ‘अब्यूजन’ ह्या मागे पडलेल्या शब्दाची सुमारे पन्नास अवतरणे त्यांना मिळाली. पण ‘अब्यूज’ ह्या रोजच्या शब्दाची पाचसुद्धा नव्हती. असे का झाले? वाचणाऱ्याचे डोळे नवलाच्या शब्दावर थांबतात. नेहमीचा शब्द त्यांच्या पुढून चालत जातो आणि दिसत नाही. हौसेने जमलेल्या हजार माणसांचे बळ मोठे, पण हौसेला हा एक दोष जडलेलाच असतो. पुढे आपण पाहणार आहोत त्या नव्या कोशांनाही तो चुकलेला नाही.

दुसरा अनुभव चिठ्ठी हरवल्याचा. ‘बाँडमेड’ म्हणजे दासी ह्या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो शब्द त्या थोर कोशाच्या पहिल्या आवृत्तीतून संपूर्ण सुटला. अमेरिकेत ह्याच्या उलट घडले. पदार्थविज्ञानात घनता दर्शविण्यासाठी मोठे किंवा लहान ‘डी’ हे अक्षर वापरतात, अशा अर्थाची चिठ्ठी होती. ती अक्षरे एकत्र वाचली गेली आणि वेब्स्टरच्या १९३४ सालच्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ नावाचा कधीच अस्तित्वात नसलेला शब्द ‘घनता’ ह्या अर्थाने छापला गेला. तो चुकीचा आहे हे १९३९ साली एका संपादकाच्या ध्यानात आले, कारण त्या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नव्हती. सारांश, दार बंद करून काम करणाऱ्या पंडितांच्या कचेरीतही चूक शिरते, आणि ती शिरली की बाहेर काढावयास वर्षे लागतात.

४. विकी आणि विक्शनरी

१९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम ह्या अमेरिकन गृहस्थांनी महाजालावर असे पान तयार केले की जे वाचणारा वाचता वाचताच सुधारू शकेल. त्याला त्यांनी ‘विकी’ हे नाव दिले. हा हवाई बेटांच्या भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. ह्याच रीतीवर २००१ साली विकिपीडिया हा ज्ञानकोश आणि १२ डिसेंबर २००२ रोजी ‘विक्शनरी’ हा शब्दकोश इंग्रजीत सुरू झाला. पुढे इतर भाषांतही विक्शनऱ्या निघाल्या, मराठीचीही आहे. इंग्रजी विक्शनरीत केवळ इंग्रजी शब्द आहेत असे मात्र समजू नये. जगातील कोणत्याही भाषेच्या शब्दाला तेथे जागा आहे, फक्त अर्थ इंग्रजीत द्यावयाचा असतो. त्याचप्रमाणे मराठी विक्शनरीत कोणत्याही भाषेचा शब्द घालता येतो, त्याचा अर्थ मराठीत द्यावयाचा असतो.

मरे ह्यांच्या पत्र्याच्या खोलीशी ह्या कोशाची तुलना केली तर साम्य चटकन ध्यानात येते. चिठ्ठीच्या जागी संगणकाची ओळ आली; टपालाच्या जागी तार आली. पण दोन बाबतींत मोठा फरक पडला, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार होणार नाही.

पहिला फरक निवाड्याचा. मरे ह्यांच्याकडे चिठ्ठी हजारांनी पाठवावी, पण शब्दाची व्याख्या मरे व त्यांचे मदतनीस ठरवीत. विक्शनरीत व्याख्याही वाचकच लिहितो, आणि दुसरा वाचक ती खोडतो. शेवटचा शब्द कोणाचाच नसतो. चर्चेने जे ठरेल ते ठरते. दुसरा फरक नोंदवहीचा. प्रत्येक पानामागे ‘इतिहास’ नावाचे एक पान असते. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणते अक्षर बदलले, हे सारे तेथे राहते आणि पूर्वीचे कोणतेही रूप क्षणात परत आणता येते. क्रमवंत-फडके ह्यांनी कोणत्या शब्दावर काय मत दिले, कोणाचे ऐकले गेले, हे आज आपल्याला मोल्सवर्थच्या पानांवरून कळत नाही. ह्या नव्या कोशात ते कळते. लहानातल्या लहान मदतनिसाची खूणही तेथे पुसली जात नाही, हे ह्या रीतीचे आमच्या मते सर्वांत मोठे पुण्य आहे.

५. धूळपाटी

मराठी विकिप्रकल्पांत नवशिक्याने हात बसविण्यासाठी जे मोकळे पान ठेवतात त्याला ‘धूळपाटी’ म्हणतात. ज्याने हे नाव सुचविले त्याच्या रसिकतेची तारीफ केली पाहिजे. आपल्या जुन्या गावठी शाळांतून मुले पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवीत. चुकले की हात फिरविला आणि पाटी कोरी. नव्या कोशाची रीत शिकणाऱ्यास ह्याहून योग्य स्थान कोणते?

धूळपाटीवर प्रथम शिकावयाचे ते नोंदीचे अंग. एका पानावर एकच अक्षररूप असते, पण त्या रूपाचे शब्द अनेक भाषांत असू शकतात. ‘शिक्षा’ हे उदाहरण घेऊ. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे, आणि वेदांगांतील उच्चारशास्त्रही. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी मुलाच्या पुस्तकात पहिला तास ‘शिक्षा’ मंत्र्याचा आणि दुसरा तास ‘शिक्षे’च्या भीतीचा असतो, ह्याची गंमत आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवली असेल. म्हणून प्रत्येक भाषेचे स्वतंत्र मथळे करावयाचे, त्याखाली व्युत्पत्ती, उच्चार, शब्दाची जात, लिंग, मग अर्थ, मग अवतरण, असा क्रम ठेवावयाचा.

दुसरी गोष्ट व्याख्येची. पाणी म्हणजे जल आणि जल म्हणजे पाणी, असे लिहिले की दोन्ही नोंदी भरल्यासारख्या दिसतात, पण परक्या माणसाला काहीच मिळत नाही. व्याख्या अशी हवी की वाक्यातून शब्द काढून ती ठेवली तर वाक्य अडखळेल, पण मोडणार नाही. आणि मरे ह्यांचा धडा येथे पुन्हा उपयोगी पडतो. नवशिका प्रथम दुर्मिळ, भारदस्त, पोथीतला शब्द शोधून आणतो. खरी परीक्षा मात्र घरातल्या शब्दाची असते. ‘वेळ’ हा शब्द घ्या. ‘फार वेळ लागला’ ह्यात तो पुल्लिंगी आहे आणि कालाचा विस्तार दाखवितो. ‘परीक्षेची वेळ झाली’ ह्यात तो स्त्रीलिंगी आहे आणि कालातला एक बिंदू दाखवितो. पहिल्याचे सामान्यरूप ‘वेळा’, म्हणून ‘थोड्या वेळाने’. दुसऱ्याचे ‘वेळे’, म्हणून ‘वेळेवर’. मराठी घरातले पाच वर्षांचे मूलही हा भेद अचूक पाळते, पण तो कोणी विचारला तर भलेभले गोंधळतात. जे आपण न चुकता करतो ते शब्दांत सांगता येणे, हीच कोशकाराची विद्या. आणि व्याकरण शिकविणाऱ्या शिक्षकाइतका तिचा अधिकारी दुसरा कोण असणार?

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट साक्षीची. इंग्रजी विक्शनरीने ह्याबाबत नियम घालून दिला आहे. ज्या भाषांत विपुल लेखन आहे त्यांतील शब्दास टिकाऊ स्वरूपाच्या साहित्यातील तीन स्वतंत्र अवतरणे हवीत, आणि ती निदान एका वर्षाच्या कालावधीत विखुरलेली असावीत. अवतरणात शब्द खरोखर योजलेला असावा. ‘अमुक शब्दाचा अर्थ अमुक’ असे कोणी सांगितले तर तो उल्लेख झाला, उपयोग नव्हे. एखाद्या नोंदीविषयी कोणी शंका घेतली तर पुरावा मागितला जातो. महिनाभरात तो न मिळाल्यास नोंद काढून टाकता येते. ‘आमच्याकडे असे म्हणतात’ हे विधान कितीही खरे असले तरी तेवढ्याने भागत नाही.

व्युत्पत्तीलाही हीच कसोटी लागते. पगार, चावी, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे आपण आज सहज सांगतो. पण ते सहज सांगता यावे म्हणून गोव्याचे मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फु दालगादु ह्यांनी आशियातील अनेक भाषांत पोर्तुगीज शब्द कोठे कोठे, कोणत्या रूपाने गेले ह्याची शब्दवार छाननी केली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. ह्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९३६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत निघाला, ही आपल्या वसाहतींच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. नादसाम्यावरून मूळ ठरविण्याची आपल्याकडील हौस जुनी आहे. दालगादुंच्या ग्रंथाची पंधरा-वीस पाने चाळली की त्या हौसेला आपोआप वेसण बसते.

चौथी गोष्ट स्वभावाची आहे. आपण लिहिलेली ओळ दुसऱ्या दिवशी कोणी खोडलेली पाहिली की शिक्षकाच्या मनाला ते लागते. कारण लाल शाई आजवर आपल्या हातात होती. येथे दोन मार्ग असतात. आपली ओळ पुन्हा घालावी आणि समोरच्याने पुन्हा खोडावी, हा एक. ‘चर्चा’ पानावर जाऊन ‘आपण ही ओळ का काढली?’ असे सभ्यपणे विचारावे, हा दुसरा. कोश चालतो तो दुसऱ्या मार्गानेच. विचारणारा शाळकरी पोर असो वा सेवानिवृत्त प्राध्यापक, दोघांना उत्तर एकच द्यावे लागते : माझ्या म्हणण्याला साक्ष ही.

शिवाय, दुसऱ्याच्या कोशातील व्याख्या जशीच्या तशी उतरवून घेण्यास तेथे मनाई आहे. ज्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्क संपला आहे, उदाहरणार्थ मोल्सवर्थचा कोश, त्यांतून घ्यावयाचे तर नावनिशी सांगून घ्यावे. वह्यांतून वह्यांत उतरविण्याची सवय लागलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना हा एक नियम शिकविला तरी पुष्कळ होईल.

६. आक्षेप आणि उत्तर

अशा कोशावर मुख्य आक्षेप असा की त्याला अधिकार नाही. कोणीही उठावे आणि काहीही लिहावे, तर तो कोश कसला? ह्या आक्षेपात तथ्य आहे. खोडसाळ माणसे अशा पानांवर वाटेल ते लिहून जातात. उत्साही माणसे स्वतः घडविलेला शब्द रूढ असल्याप्रमाणे नोंदवितात. आणि राखणदारी करणाऱ्या जाणत्या माणसांची संख्या मराठीसारख्या भाषेत थोडी पडते. इंग्रजीत चुकीची ओळ पाहणारे डोळे पुष्कळ. आमच्याकडे तीच ओळ दीर्घकाळ तशीच पडून राहण्याचा संभव अधिक. हे टाळावयाचे असेल तर जाणत्यांनी दूर राहून नाक मुरडण्याने ते टळणार नाही.

आक्षेपकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. छापील कोशाचा अधिकार तरी आपण कशावरून मानतो? संपादकाच्या नावावरून. नाव मोठे असेल तर ‘डॉर्ड’सुद्धा पाच वर्षे शब्द म्हणून राहतो. सार्वजनिक कोशाला नावाचा आधार नाही, म्हणून त्याला पुराव्याचा आधार घ्यावाच लागतो. जेथे पुरावा दिलेला नाही तेथे त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे आम्हीही म्हणतो. आणि आमच्या विद्यार्थ्यांना अर्थ पाहण्याआधी अवतरण आहे की नाही ते पाहावयास सांगतो.

७. आपल्या वसाहतींचे शब्द

आता शेवटच्या आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैद्राबाद, बेळगाव, गोवे येथील मराठी भाषिकांच्या बोलण्यात असे शब्द आहेत, की जे पुण्या-मुंबईच्या बोलण्यात नाहीत, किंवा असले तर वेगळ्या अर्थाने आहेत. मराठी वाचनमालेवर वाढलेल्या मुलाला पोळ म्हणजे देवाच्या नावाने मोकळा सोडलेला बैल. बडोद्याच्या मराठी घरातल्या मुलाला पोळ म्हणजे जुन्या शहरातील एका वेशीच्या आतली वस्ती, गल्ली. हा दुसरा शब्द गुजरातीतून आलेला असून त्याचे मूळ संस्कृत ‘प्रतोली’ म्हणजे वेस, राजमार्ग ह्यात सांगतात. दोन शब्द, दोन मुळे, दोन लिंगे, एक अक्षररूप. ह्या स्त्रीलिंगी ‘पोळे’चे सामान्यरूप बडोदेकर नेमके काय करतात, ‘पोळेत राहतो’ म्हणतात की ‘पोळीत राहतो’, हे घरोघरी कान देऊन नोंदविण्याजोगे आहे. बेळगावचा कुंदा, बडोद्याची सेवउसळ, इंदूरच्या भुट्ट्याच्या किसातला मराठी ‘किसण्या’तून हिंदीत गेलेला ‘किस’, ही तर बाजारात सर्वांना भेटणारी उदाहरणे. घरातली, देवघरातली, लग्नकार्यातली, शाळेच्या पटांगणातली उदाहरणे ह्याहून कितीतरी अधिक आहेत.

हे शब्द बोलणारी पिढी वृद्ध होत आहे. मराठी माध्यमाचे वर्ग आमच्या डोळ्यांदेखत कमी झाले. नातवंडे आजीशी मराठीत बोलतात, पण लिहितात दुसऱ्या लिपीत. कोश आता सर्वांना मोकळा आहे, तेव्हा हे शब्द त्यात घालावे, असे कोणीही म्हणेल. पण येथेच साक्षीचा नियम आडवा येतो. शब्द तोंडी आहे. छापील कोठे आहे? आमच्या वसाहतींतील लेखकाने कथा-लेख लिहिताना पुण्याच्या वाचकाला अडेल म्हणून आपल्या घरातला शब्द वगळला आणि त्या जागी प्रमाण शब्द घातला, असे वर्षानुवर्षे होत आले. त्यामुळे जो शब्द लाखो वेळा उच्चारला गेला तो एकदाही छापला गेला नाही, अशी स्थिती होऊ शकते. अशा शब्दाला जगातला सर्वांत मोकळा कोशही आत घेऊ शकत नाही, आणि त्यात कोशाचा दोष नाही.

ह्यावर उपाय आपल्याच कपाटात आहे. आपल्या परिषदांची जुनी त्रैमासिके, स्मरणिका, शाळांची वार्षिके, गणेशोत्सव मंडळांच्या पुस्तिका, नाट्यसंस्थांची हस्तपत्रके, लग्नपत्रिका हेच आपल्या मराठीचे साक्षीदार होत. त्यांवर साल असते, गाव असते, पृष्ठांक असतो. मरे ह्यांच्या चिठ्ठीला जे हवे ते सारे असते. आज ही रद्दीच्या भावाने जातात. आमची सर्व सभासदांना सूचना आहे की प्रत्येक केंद्राने आपल्या जुन्या अंकांचे संच एकत्र करावेत, ते वाळवीपासून राखावेत, ग्रंथालयात ठेवावेत आणि जमेल तसतसे त्यांची छायाचित्रे घेऊन महाजालावर ठेवावीत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना एकेक अंक वाचावयास द्यावा आणि मरे ह्यांच्या रीतीने चिठ्ठ्या करावयास सांगावे : शब्द, वाक्य, अंक, साल, पृष्ठ. नवलाचे शब्द आपोआप येतील. साध्या शब्दांकडे लक्ष देण्यास मात्र मुद्दाम सांगावे. त्या चिठ्ठ्यांतून जी नोंद तीन साक्षींवर उभी राहील ती धूळपाटीवर लिहावी, दुसऱ्याकडून तपासून घ्यावी आणि मग कोशात घालावी. एका शाळेने वर्षाला पंचवीस नोंदी पुऱ्या केल्या तरी ते काम लहान नाही.

आणि लेखकांना विनंती अशी की आपल्या गावचा शब्द लिहिताना त्यांनी संकोच करू नये. दूरच्या वाचकाला तो अडला तर अडू द्यावा. तो कोश उघडील आणि शब्द शोधील. आणि तेथे त्याला तो सापडावा म्हणून कोणी तरी आधी तो छापून ठेवलेला असला पाहिजे.